क्राकोवची हटके म्युझियम्स: आधी काय बुक करायचं, कुठे कसं जायचं आणि काय सोडून द्यायचं

पोलंडमधल्या क्राकोवला आलेला आपला माणूस साधारण ठरलेलं करतो. वावेलचा किल्ला, मुख्य चौकात फोटो, एक दिवस आउश्विट्झची बस, आणि मग हातात दीड-दोन दिवस उरले की विचारतो की आता अजून काय बघायचं. अहो, या शहरात फक्त जुन्या औषधांच्या दुकानांचं म्युझियम आहे, फक्त विमानांचं आहे, रंगीत काचांचं आहे, चौकाच्या खाली जमिनीत एक आहे आणि नदीकाठी एक चक्क जपानी कलेचं आहे. इथे नोकरीला असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाईकांना आणि मित्रांना फिरवण्याचं काम माझ्याकडे आपोआप येतं, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे की इथे म्युझियम शोधणं अवघड नाही, वेळापत्रक जुळवणं अवघड आहे. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा, तिकिटाची पद्धत वेगळी. म्हणून यादी करून एकेक टिक करत बसू नका, शहराचा एकेक भाग धरा आणि त्या भागातली दोन-तीन म्युझियम्स एका दिवसात उरका.

१. आधी वार बघा, मग म्युझियम निवडा

पोलंडमध्ये बरीच म्युझियम्स सोमवारी बंद असतात, पण "सोमवारी बंद" एवढंच डोक्यात ठेवून निघालात तर फसाल. शिंडलर फॅक्टरी ("शिंडलर्स लिस्ट" सिनेमातल्या शिंडलरचा कारखाना, आता युद्धकाळाचं म्युझियम) सोमवारी उघडी असते, उलट त्यांचा मोफत दिवस बरीच वर्षं सोमवारच आहे, आणि महिन्यातून एका ठरावीक दिवशी ती पूर्ण बंद असते. विमानांचं म्युझियम मात्र सोमवारी बंद. तेव्हा जायच्या आदल्या रात्री प्रत्येकाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बघाच, गुगल मॅप्सवरच्या वेळांवर विसंबू नका, सणासुदीला तिथे चुकीच्या वेळा दिसतात. साइट पोलिशमध्ये उघडली तर ब्राउझरमध्येच भाषांतर करून घ्या, इंग्रजी पान कधीकधी जुनंच असतं आणि ताजी सूचना फक्त पोलिश पानावर असते.

अजून दोन सापळे. एक, शेवटचा प्रवेश. बंद व्हायची वेळ सहा लिहिली असेल तर सहाला दहा कमी असताना कोणी आत सोडत नाही, मोठ्या ठिकाणी तास-दीड तास आधीच तिकीट देणं थांबतं. दोन, सरकारी सुट्ट्या. १ नोव्हेंबर, ११ नोव्हेंबर, नाताळ, ईस्टर, ३ मे, या दिवशी आधी चौकशी केल्याशिवाय घराबाहेर पडू नका. १ नोव्हेंबरला तर सगळं शहर फुलं आणि दिवे घेऊन दफनभूमीकडे निघालेलं असतं. ते बघण्यासारखं असतं, पण म्युझियमचा बेत त्या दिवशी नको.

मोफत दिवसाचा मोह सगळ्यांना होतो, आपल्याला जरा जास्तच. मोफत तिकिटं मोजकीच असतात, बहुतेक वेळा ती खिडकीवरच मिळतात आणि त्यासाठी सकाळी रांग लावावी लागते. सुट्टीतला अर्धा दिवस रांगेत घालवून थोडेसे झ्वोती (इथलं चलन) वाचवायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. विद्यार्थी असाल, इथेच राहत असाल तर जरूर करा. चार दिवसांसाठी आलेल्यांनी सरळ तिकीट काढावं असं माझं मत.

२. आधी बुक फक्त तीनच करायची

सगळंच ऑनलाइन बुक करायची गरज नाही. शिंडलर फॅक्टरी, चौकाखालचं भूमिगत म्युझियम आणि विएलिच्काची मिठाची खाण या तीन ठिकाणी वेळेचे स्लॉट असतात आणि उन्हाळ्यात ते आधीच संपतात, त्यातही शिंडलर फॅक्टरी सगळ्यात लवकर. बाकी ठिकाणी एरवी सरळ खिडकीवर जाऊन "जेन दोब्री" (नमस्कार) म्हणायचं आणि तिकीट घ्यायचं.

बुकिंग म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. सर्च केलं की वरती ज्या साइट दिसतात त्यातल्या बऱ्याच एजंटांच्या असतात, त्या गाइडसकट पॅकेज विकतात आणि किंमत बरीच चढलेली असते. फसवणूक नाही म्हणता येणार, गाइड खरोखर येतो, पण तुम्हाला नुसतं तिकीट हवं असेल तर उगाच पैसे जातात. तसंच मुख्य चौकात त्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असतात, "घेटो (नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती), फॅक्टरी, सगळं दाखवतो" म्हणतात, त्यांना आधी एकच प्रश्न विचारा, आत जायचं तिकीट यात धरलंय का? बहुतेकदा नसतं, गाडी फक्त दारापर्यंत नेते आणि बाहेरून इमारत दाखवून परत आणते.

शिंडलर फॅक्टरी, चौकाखालचं म्युझियम, घेटोतली फार्मसी, नोव्हा हुता या भागाचं म्युझियम ही सगळी एकाच संस्थेची, म्हणजे क्राकोव शहराच्या म्युझियमची पोटम्युझियम्स आहेत. त्यामुळे त्यांची एकत्र तिकिटंही असतात. युद्धकाळाशी संबंधित तीन ठिकाणांचं एक आहे, फॅक्टरी, घेटोतली फार्मसी आणि पोमोर्स्का रस्त्यावरचं गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, जुनं मुख्यालय, ते विचारून घ्या.

आणि तुम्ही इथेच नोकरी करत असाल, टॅक्स क्राकोवमध्ये भरत असाल, तर "कार्ता क्राकोव्स्का" काढली आहे का? आयटीतली आपली कितीतरी मंडळी इथे राहतात आणि त्यांना हे कार्ड असतं हेच माहीत नसतं. शहराच्या म्युझियममध्ये आणि ट्रामच्या पासवर त्यावर सवलत मिळते.

३. बरोबर काय काय ठेवायचं

- पासपोर्ट किंवा इथलं रेसिडेन्स कार्ड. दरवेळी मागत नाहीत, पण सवलतीचं तिकीट घेतलंत तर वयाचा पुरावा मागू शकतात.
- विद्यार्थी असाल तर ओळखपत्र. पोलंडमधल्या युनिव्हर्सिटीचं असेल तर प्रश्नच नाही, भारतातल्या कॉलेजचं असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड काढून आणा, कारण देवनागरी शिक्का बघून खिडकीवरच्या बाई गोंधळतात. वयाची अटही असते, बऱ्याच ठिकाणी २६ च्या आत.
- तिकिटाचा पीडीएफ फोनमध्ये सेव्ह केलेला. जमिनीखाली नेटवर्कचा भरवसा नाही.
- कार्ड आणि थोडी चिल्लर. इथे युरो नाही, झ्वोती चालतात. कार्ड जवळपास सगळीकडे घेतात, पण लॉकरला किंवा टॉयलेटला नाणं लागू शकतं.
- छोटी बॅग. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. हिवाळ्यात जाडजूड कोटही "शातन्या"मध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या काउंटरवर, द्यावा लागतो. पासपोर्ट, पाकीट कोटाच्या खिशातून आधी काढून घ्या.

खिडकीवर दोन प्रकारची तिकिटं लिहिलेली असतात, "नोर्माल्नी" म्हणजे पूर्ण आणि "उल्गोवी" म्हणजे सवलतीचं. दारावर "न्येचिन्ने" अशी पाटी दिसली की समजायचं, आज बंद.

४. ट्राम, आणि ते तिकीट पंच करणं

जुन्या शहरात चालतच फिरा, बाकी सगळीकडे ट्राम. "याकदोयादे" नावाचं अ‍ॅप टाका, कुठून कुठे जायचं ते सांगतं आणि तिकीटही त्यातच काढता येतं. तिकिटं वेळेच्या हिशेबाने असतात, अमुक इतकी मिनिटं, मग त्या वेळात कितीही ट्राम बदला.

कागदी तिकीट घेतलंत तर ट्राममध्ये चढल्याबरोबर त्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही म्हणजे तुम्ही विनातिकीट. साध्या कपड्यातले तपासनीस येतात, पाहुणे आहात, माहीत नव्हतं, या सबबी ते रोज ऐकतात आणि दंड लावतात. अ‍ॅपमधलं तिकीटही चढल्यावर लगेच चालू करायचं, तपासनीस दिसल्यावर नाही.

५. पहिला भाग: जुनं शहर

सुरुवात चौकाखालच्या म्युझियमपासून करा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या. हा चौक १२५७ मध्ये आखलेला, आणि २००५ पासून इथे जे उत्खनन झालं त्यात जुने रस्ते, दुकानांचे पाये, त्याच्याही आधीची दफनं, असं कायकाय सापडलं. ते सगळं पुन्हा बुजवण्याऐवजी २०१० मध्ये तिथेच म्युझियम करून टाकलं. प्रवेश सुकिएन्नित्से म्हणजे कापड बाजाराच्या लांबलचक इमारतीतूनच आहे, मारियात्स्की चर्चच्या बाजूने, पाटी लहान आहे, लोक अख्ख्या इमारतीला प्रदक्षिणा घालतात. आत शिरताना धुक्याच्या पडद्यावर चित्रं पाडलेली असतात, मुलं खूश. मला स्वतःला आवडतो तो शिशाचा भलामोठा गोळा, जवळपास ७०० किलोचा, मध्ययुगात इथे धातूचा केवढा व्यापार चालायचा ते त्या एका ढेकळावरून कळतं. स्क्रीन फार आहेत, सगळ्या बघत बसलात तर तीन तास जातील, निवडून बघा.

तिथून फ्लोरियान्स्का रस्त्याने सरळ चालत गेलात की २५ नंबरला फार्मसी म्युझियम. हे युनिव्हर्सिटीचं आहे, १९४६ मध्ये सुरू झालेलं, आणि माझ्या मते शहरातलं सगळ्यात दुर्लक्षित म्युझियम. एक अख्खं जुनं घर, तळघरापासून माळ्यापर्यंत. तळघरात पिंपं आणि औषधी दारूचं सामान, मधल्या मजल्यांवर जुन्या औषधांच्या दुकानांचं लाकडी फर्निचर जसंच्या तसं, चिनीमातीच्या बरण्या, खलबत्ते, आणि वर माळ्यावर वनौषधी वाळत घातलेल्या. माळ्यावरचा वास आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानासारखाच, आईला किंवा आजीला बरोबर नेलंत तर त्या तिथून लवकर हलणार नाहीत. रॉकेलचा दिवा बनवणारा इग्नात्सी वुकाशिएविच हा मुळात औषधवालाच, त्याच्यासाठीही इथे एक दालन आहे. फक्त जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

वेळ उरला तर कोलेगियुम माइउस, युनिव्हर्सिटीची सगळ्यात जुनी इमारत. युनिव्हर्सिटी १३६४ ची, कोपर्निकस इथेच शिकला, आणि आत जुनी खगोलशास्त्राची उपकरणं आहेत. तिथला छोटा पितळी ग्लोब आवर्जून बघा, साधारण १५१० चा, त्यावर अमेरिका नाव घालून दाखवली आहे. अंगणात जायला तिकीट लागत नाही, तिथल्या घड्याळातून ठरावीक वेळी बाहुल्यांची मिरवणूक निघते, त्या वेळा दारावर विचारा.

६. दुसरा भाग: नदीपलीकडचं पोदगुझे

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक लोक नेमका उलटा करतात. आधी फार्मसी, मग फॅक्टरी.

ट्रामने "प्लात्स बोहातेरुफ गेत्ता" स्टॉपवर उतरा. समोर मोकळा चौक आणि त्यात धातूच्या रिकाम्या खुर्च्या. मार्च १९४१ मध्ये नाझींनी या भागात ज्यूंची वस्ती कोंडली, मार्च १९४३ मध्ये ती संपवली, आणि माणसांना छावण्यांकडे पाठवण्याआधी याच चौकात गोळा करायचे. कोपऱ्यावरच ती फार्मसी, "आप्तेका पोद ओर्वेम". मालक तादेउश पान्किएविच, स्वतः ज्यू नव्हता, घेटोच्या आत दुकान चालू ठेवायची परवानगी मिळवून तिथेच राहिला, औषधं पुरवली, निरोप पोचवले, लोकांना लपवायला मदत केली. म्युझियम चार-पाच खोल्यांचं, कपाटाचे खण उघडून बघायचे, त्यात फोटो आणि कागद. तास पुरतो. हे आधी बघितलं की पुढे फॅक्टरीत दिसणारी नावं आणि जागा नुसत्या माहितीच्या राहत नाहीत.

मग रेल्वेच्या पुलाखालून चालत दहा-पंधरा मिनिटांवर लिपोवा रस्ता, ४ नंबर, शिंडलरची एनॅमलच्या भांड्यांची फॅक्टरी. आता मोठा गैरसमज. सिनेमा बघून आलेल्यांना वाटतं की आत सगळं शिंडलरबद्दल असेल, मशिनरी असेल. तसं नाही. कायमचं प्रदर्शन १९३९ ते १९४५ मधल्या क्राकोवबद्दल आहे, शहर कसं ताब्यात गेलं, सामान्य माणसं कशी जगली, दुकानं, ट्राम, जाहीरनामे, घेटोच्या भिंती. शिंडलरचं ऑफिस, त्याचं टेबल आणि भांड्यांनी भरलेली एक काचेची खोली, ज्यात वाचलेल्या कामगारांची नावं आहेत, एवढाच थेट भाग. हे आधी कळलं तर निराशा होत नाही, उलट म्युझियम फारच चांगलं आहे हे लक्षात येतं. वाटा अरुंद आहेत, गर्दीत पुढे ढकलले जाता, म्हणून शक्यतो दिवसातला अगदी लवकरचा किंवा उशिराचा स्लॉट. लहान मुलांना नेऊ नका, दहा-बारा वर्षांच्या पुढे ठीक.

शेजारीच मोकाक, आधुनिक कलेचं म्युझियम, २०११ चं. फॅक्टरीतून बाहेर पडल्यावर डोकं इतकं जड झालेलं असतं की लगेच तिथे जाण्यात अर्थ नाही. नुसती कॉफी प्या आणि निघा.

एक जाता जाता. महाराष्ट्रातल्या माणसाला हा भाग बघताना कोल्हापूर आठवायला हवं. युद्धात देशोधडीला लागलेले जवळपास पाच हजार पोलिश लोक, जास्त करून बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले होते. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारकसुद्धा आहे, तिकडे गेलात तर बघून या.

७. काझिमिएश, पोट आणि जुन्या ट्राम

पोदगुझेहून बेर्नातेक पादचारी पुलाने नदी ओलांडली की काझिमिएश. इथे जुन्या ट्राम डेपोत अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाचं म्युझियम आहे, श्व. वावझिन्त्सा रस्त्यावर. क्राकोवमध्ये १८८२ ला घोड्याची ट्राम सुरू झाली आणि १९०१ ला विजेची. डेपोच्या इमारतीच बघण्यासारख्या आहेत. लहान मुलं असतील तर त्याच संस्थेचं लेखक स्तानिस्वाव लेम याच्या नावाचं विज्ञान उद्यान जास्त भावेल, पण ते शहराच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि थंडीत बंद असतं.

जेवायला प्लात्स नोव्ही. मधल्या गोल इमारतीच्या खिडक्यांवर "झापिएकांका" मिळतो, लांब पाव, त्यावर मशरूम आणि चीज. शाकाहारी असाल तर मांस नको म्हणून स्पष्ट सांगा. बसून खायचं असेल तर कुठलाही "बार म्लेच्नी", म्हणजे साधी स्वस्त खानावळ, शोधा आणि "पिएरोगी रुस्किए" मागवा, उकडलेल्या करंजीसारखा पदार्थ, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, पण वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालायची पद्धत आहे, तेवढं आधीच "बेझ मिएन्सा" (मांस नको) म्हणून टाळा.

८. विमानं: अर्धा दिवस मोकळा ठेवा

हे शहराच्या पूर्वेला, राकोवित्से-चिझिनीच्या जुन्या विमानतळावर. हा तळ १९१२ चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातला. दोनशेच्या वर विमानं आणि हेलिकॉप्टर, काही नव्या इमारतीत, काही हँगरमध्ये, बरीच उघड्यावर. पेझेटएल पी.११ हे युद्धाआधीचं पोलिश लढाऊ विमान, जगात उरलेलं एकुलतं एक, ते इथे आहे. पहिल्या महायुद्धातली काही दुर्मिळ विमानं बर्लिनच्या संग्रहातली, बॉम्बपासून वाचवायला जर्मनांनी पूर्वेकडे हलवली आणि मग ती पोलंडमध्येच राहिली. बाहेर मिग विमानांची अख्खी रांग. वायुसेनेत कोणी नातेवाईक असतील तर "इस्क्रा" नक्की शोधा, आपल्या वायुसेनेचे कितीतरी पायलट याच पोलिश ट्रेनर विमानावर जेट शिकले.

पाऊस असेल तर हा बेत पुढे ढकला. हिवाळ्यात जात असाल तर हँगर गार असतात, कोट शातन्यात देऊ नका.

९. काच आणि जपान, एकाच दुपारी

काचेचं म्युझियम म्हणजे क्रासिन्स्की अ‍ॅव्हेन्यूवरचा १९०२ मध्ये सुरू झालेला कारखाना, जो आजही चालू आहे. इथे मनाने फिरता येत नाही, गाइडबरोबरच जायचं, आणि इंग्रजी फेरी ठरलेल्या वेळीच असते, म्हणून आधी वेळ बघा. काच कापणं, रंगवणं, शिशाच्या पट्टीत बसवणं, सगळं कारागिरांच्या टेबलाशेजारी उभं राहून बघता येतं. तिथून परतताना फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शिरा, विस्पियान्स्की या चित्रकाराची मोठी रंगीत काच तिथे दाराच्या वरती आहे, आत गेल्यावर मागे वळून बघायचं. चर्च आहे, प्रार्थना चालू असेल तर फिरू नका.

नदीच्या पलीकडे, वावेलच्या समोर, मांगा, म्हणजे ते जपानी कलेचं म्युझियम. फेलिक्स यासिएन्स्की नावाच्या माणसाने जमवलेला जपानी चित्रांचा संग्रह वर्षानुवर्षं नीट दाखवलाच जात नव्हता. आंद्जेय वाइदा या सिनेदिग्दर्शकाने त्यातलं काही युद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, तरुणपणी पाहिलं होतं. १९८७ मध्ये त्याला क्योतो पुरस्कार मिळाला तेव्हा त्या पैशातून त्याने या इमारतीचं काम सुरू केलं, आराता इसोझाकी या जपानी वास्तुविशारदाने आराखडा दिला आणि १९९४ मध्ये ती उघडली. चित्रं नाजूक म्हणून आलटून पालटून लावतात, त्यामुळे अमुक एक चित्र दिसेलच अशी आशा धरू नका. कॅफेच्या गच्चीतून वावेल छान दिसतो, थकलेल्या मंडळींना तिथे बसवा.

१०. विएलिच्का: खाण

क्राकोवच्या मुख्य स्टेशनवरून लोकल ट्रेन, अर्ध्या तासाच्या आत, "विएलिच्का रिनेक कोपाल्निया" हा शेवटचा स्टॉप. टूर बसची गरजच नाही. १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्याच यादीत आलेली ही जागा. आत गाइडशिवाय सोडत नाहीत, इंग्रजीची वेळ बुक करतानाच निवडा. सुरुवातीलाच लाकडी जिन्याच्या साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या, एकूण सुमारे आठशे, आणि चालणं साधारण तीन किलोमीटर. वर यायला लिफ्ट आहे. उन्हाळ्यातही जाकीट न्या, खाली सतरा-अठरा अंश असतं. मिठाची नक्षी, मिठाच्या स्फटिकांची झुंबरं आणि जमिनीखाली शंभर मीटरवर संत किंगाचं चर्च.

बाहेर कुठल्या शाफ्टने काढतील ते आधी विचारा. आत शिरलात तिथेच वर याल असं नाही, आणि गाडी किंवा कोणी वाट बघत असेल तर गोंधळ होतो. परतीचं ट्रेनचं तिकीट आधी काढू नका, फेरी लांबते. रविवारी जात असाल तर पाणी आणि खाणं शनिवारीच घेऊन ठेवा, इथे बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, फक्त छोटी "झाब्का" कुठेकुठे उघडी सापडते.